८४ अंशांचं आभाळ आणि नारिंगी काच

माझ्याकडे निकॉनच्या दोन जुन्या वाइड अँगल लेन्स आहेत, २४ मिमी एफ/२.८ आणि २० मिमी एफ/३.५. दोन्ही एआय पद्धत (लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, किती ठेवलंय ते कॅमेऱ्याला आपोआप कळवणारी) येण्याआधीच्या, म्हणजे १९७७ पूर्वीच्या. त्या मी निकॉन एफएम या फिल्म कॅमेऱ्यावर लावते, कारण एफएमच्या माउंटजवळची, म्हणजे लेन्स बसते तिथली, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची छोटी खिट्टी वर दुमडता येते. पुढच्या एफएम२ मध्ये ती दुमडत नाही, आणि अशी लेन्स जोर करून बसवली तर खिट्टी मोडायची भीती असते. या दोन लेन्सवर पिवळा, नारिंगी, लाल आणि पोलरायझर (एका ठरावीक दिशेने कंप पावणारा, म्हणजे पोलराइज झालेला, प्रकाश अडवणारी काच) हे फिल्टर कसे वापरायचे ते समजून घेण्यात मी बराच काळ घालवला. सह्याद्रीचं आभाळ ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर आणायचं तर त्याला पर्याय नाही. फिल्म निळ्या रंगाला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त प्रतिसाद देते. त्यामुळे कड्यावर उभं राहून बघितलेलं भरगच्च आभाळ प्रिंटवर नुसतं पांढरं उतरतं आणि ढग त्यात विरून जातात. रंगीत काच तो निळा अडवते आणि आभाळ गडद करते.

५० मिमीच्या लेन्सवर फिल्टर लावणं सोपं असतं. काच बसवायची, एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) जास्त प्रकाश द्यायचा, काम झालं. वाइड लेन्स मात्र एका वेळी आभाळाचा इतका मोठा तुकडा घेते की फ्रेमच्या डाव्या टोकाला फिल्टर एक करतो आणि उजव्या टोकाला दुसरंच. २४ मिमीचा कर्णावरचा कोन ८४ अंशांचा आहे आणि २० मिमीचा ९४ अंशांचा. वाइडवर फिल्टर निवडताना रंगाच्या आधी हे आकडे डोक्यात हवेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

पहिली अडचण अगदी साधी, आट्यांची. २४ मिमीचे आटे ५२ मिमीचे. निकॉनने त्या काळात बहुतेक साध्या लेन्सना हेच माप ठेवलं होतं, त्यामुळे ५२चे जुने फिल्टर मुबलक मिळतात. २० मिमीला मात्र पुढे मोठं भिंग असल्यामुळे आटे ७२ मिमीचे आहेत. दोन मापांचे दोन संच घेण्यापेक्षा मी सगळे फिल्टर ७२चेच घेतले आणि २४ मिमीसाठी ५२ ते ७२ अशी स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारं कडं) घेतली. ७२चे फिल्टर महाग पडतात, पण एकच संच दोन्ही लेन्सना चालतो. शिवाय २४ मिमीवर फिल्टरचं कडं भिंगाच्या कडेपासून इतकं लांब राहतं की कोपरे कापले जाण्याचा प्रश्नच मिटतो. तोटा एकच आणि तो खरा आहे: २४ मिमीचा ५२च्या आट्यांवर बसणारा धातूचा हूड (तिरकं ऊन अडवणारी झापड) मग लावता येत नाही. ऊन तिरकं आलं की टोपीने सावली धरावी लागते, आणि ८४ अंशांत टोपीची कड फ्रेममध्ये शिरायला वेळ लागत नाही. एफएमच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमचा साधारण ९३ टक्केच भाग दिसतो. म्हणून टोपी व्ह्यूफाइंडरमधून पूर्ण नाहीशी झाली की त्यानंतरही मी ती आणखी दोन बोटं मागे घेते.

जुने फिल्टर मी काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, काही मुंबईच्या फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांतून घेतले. घेताना काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहायची. ट्यूबचं प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसलं तर काचेवर कोटिंग नाही, जांभळट किंवा हिरवट दिसलं तर आहे. कड्याचे आटे बोटाने चाचपायचे. पितळी कडं मिळालं तर दोन पैसे जास्त द्यावेत, कारण अ‍ॅल्युमिनियमचं कडं अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत अडकून बसतं. तसं ते असलंच तर आट्यांवरून मऊ शिसपेन्सिल फिरवली की पुढे त्रास होत नाही.

कोपरे कापले जातात की नाही हे रोल न घालवता कसं बघायचं, ते मला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी शिकवलं. मी त्यांच्याकडे एफएमचे फोम बदलायला गेले होते. बोलता बोलता म्हटलं, “काका, २० मिमीवर दोन फिल्टर चढवले तर चालतील का?” त्यांनी उत्तर दिलं नाही. “फिल्म नाही ना आत? मग उघड मागचं दार,” एवढंच म्हणाले. शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवलं, केबल रिलीज लावून उघडं अडकवलं, लेन्स अनंतावर आणली, एफ/१६ केलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. “आता गेटच्या कोपऱ्यातून बघ. मधून नाही, कोपऱ्यातून.”

फिल्म जिथे बसते त्या चौकटीच्या अगदी कोपऱ्याला डोळा नेला की लेन्सच्या आत एफ/१६चं छोटं छिद्र दिसतं. ते पूर्ण दिसलं तर त्या कोपऱ्याला सगळा प्रकाश मिळतोय. फिल्टरचं कडं आड येऊन ते अर्धं झालं तर कोपरा काळवंडणार, आणि दिसेनासं झालं तर कोपरा ठार काळा. एक फिल्टर लावून मी चारही कोपरे पाहिले, छिद्र पूर्ण दिसलं. पिवळ्यावर पोलरायझर चढवला, आणि ते गायब.

हे एफ/१६ला का बघायचं, तेही त्यांनी समजावलं. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना कोपऱ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत रुंद असतो. कड्याने त्यातला थोडा अडवला तर कोपरा जरासा मंद होतो, आणि ते उघड्या अ‍ॅपर्चरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याला कळतही नाही. अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की झोत सुईसारखा बारीक होतो. मग तो एक तर कड्याला न लागता सुटतो आणि कोपरा उलट स्वच्छ होतो, नाहीतर पुरता अडतो आणि निगेटिव्हवर धारदार कडेचं रिकामं टोक येतं. अधलंमधलं फारसं उरत नाही. लेन्स अनंतावर ठेवायची, कारण जवळ फोकस करताना ती पुढे सरकते, कोन जरा आवळतो आणि अडचण लपून राहते. ही परीक्षा मी आता प्रत्येक नव्या कड्यासाठी करते. वाइड लेन्सवर कायम यूव्ही फिल्टर ठेवून त्यावर रंगीत फिल्टर लावायची सवय अनेकांना असते. त्यांनी एकदा असं दार उघडून बघावं.

मीटरचं प्रकरण वेगळं. एआय आधीची लेन्स एफएमवर असली की मीटरला अ‍ॅपर्चर कळत नाही. डेप्थ ऑफ फील्डची कळ दाबून धरायची, अ‍ॅपर्चर खरोखर बंद करायचं आणि व्ह्यूफाइंडरमधले लाल दिवे जुळवायचे. पिवळ्या फिल्टरमधून हे ठीक चालतं. लालमधून मी चालवत नाही. मीटरच्या सेलला लाल जसा दिसतो तसा फिल्मला दिसत नाही, त्यामुळे दोघांचा हिशोब जुळत नाही. मी फिल्टर काढून मीटर घेते आणि मग ठरलेले स्टॉप वाढवते: मध्यम पिवळ्याला एक, नारिंगीला दोन, लालला तीन. आयएसओ ४००च्या एचपी५ प्लस फिल्मवर स्वच्छ उन्हात एफ/११ला १/१००० सेकंद येतं, आणि एफएमचं शटर तिथेच संपतं. नारिंगीने ते १/२५० होतं, लालने १/१२५. म्हणजे भर उन्हात फिल्टर मला सोयीचाच पडतो.

हे तीन स्टॉप दिवसाच्या उजेडाचे आहेत. संध्याकाळी ऊन स्वतःच तांबूस झालं की लाल फिल्टर कमी प्रकाश खातो. पिवळट बल्बच्या उजेडात त्याचा गुणक, म्हणजे प्रकाश किती पट द्यायचा तो आकडा, ८ (तीन स्टॉप) ऐवजी ५ धरतात. सूर्य कलल्यावर मी तीनऐवजी अडीच स्टॉप देते.

लाल फिल्टर लावल्यावर फोकस डोळ्याने करायच्या फंदात मी पडत नाही. एफ/३.५च्या लेन्सपुढे तीन स्टॉपची काच आली की व्ह्यूफाइंडरमधल्या फोकस जुळवायच्या स्प्लिट इमेजचा अर्धा गोल काळा पडतो. २० मिमीवर तशी गरजही नाही. एफ/११ला फोकसची रिंग १.२ मीटरवर ठेवली की साधारण ६० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं मिळतं. २४ मिमीला तेच अंतर १.७५ मीटर.

ही सगळी तयारी ज्यासाठी केली तो माझा मुलूख म्हणजे घाटमाथा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आभाळ धुतलेलं असतं आणि गवत सोनेरी व्हायला लागतं. तिथे मी आधी लालच घेऊन गेले, कारण काळंभोर आभाळ आणि पांढरेशुभ्र ढग हे चित्र मनात होतं. रोल धुतल्यावर आभाळ तसंच आलं. पण कडे नाहीसे झाले होते. कारण मला निगेटिव्ह हातात आल्यावर कळलं: उन्हातल्या दगडावर सूर्याचा प्रकाश पडतो, सावलीतल्या दगडावर मात्र निळ्या आभाळाचा. लाल काच निळा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. उन्हाचा भाग तीन स्टॉपने दबतो, सावली त्याहून कितीतरी जास्त. आपला बसॉल्ट मुळात काळा, त्यात घळी आणि नाळा सावलीत. वाइड लेन्समध्ये अर्धी फ्रेम या सावलीचीच असते. तिथे निगेटिव्हवर काही उरतच नाही, आणि जे निगेटिव्हवर नाही ते डार्करूममध्ये आणता येत नाही.

म्हणून घाटमाथ्यावर माझा फिल्टर नारिंगी. तो सावलीत थोडा निळा राहू देतो, कातळाचे थर दिसतात, आणि वाळत आलेलं गवत मात्र उजळ होतं, कारण पिवळा आणि तांबूस रंग त्यातून सहज जातो. हरिश्चंद्रगडाच्या पठारावरचं नोव्हेंबरचं गवत नारिंगीतून जे दिसतं ते मला फार आवडतं. पातं न् पातं प्रकाशलेलं, आणि मागे करडं, खोल आभाळ. पावसाळ्यात हाच फिल्टर निरुपयोगी. हिरवंगार पान लाल-नारिंगी प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे सगळी हिरवळ काळपट येते. तेव्हा पिवळा, किंवा हिरवट-पिवळा.

आणखी एक गैरसमज मी बरेचदा ऐकते, की लाल-नारिंगी फिल्टर धुकं कापतो. कोकणाकडे बघताना दरीत जो निळसर धूसरपणा असतो तो कापतो, कारण हवेत निळा प्रकाशच जास्त विखुरलेला असतो. कोकणकड्याच्या तोंडाशी वर चढणारं पांढरं धुकं पाण्याच्या थेंबांचं असतं. ते सगळे रंग सारखेच विखुरतं. त्याला कुठलीही काच लावा, ते तसंच राहणार. त्या वेळी मी फिल्टर काढून ठेवते, दोन स्टॉप परत मिळवते आणि धुक्याचेच फोटो काढते.

खाली कोकणात उतरलं की हिशोब उलटा होतो. रत्नागिरीकडच्या सड्यावरचा जांभा दगड तांबडा. नारिंगीतून तो इतका उजळतो की त्याची छिद्रं आणि खडबडीतपणा पुसट होतो. जांभ्याच्या गडग्यांचे आणि चिऱ्यांच्या विहिरींचे फोटो मी हिरव्या फिल्टरने काढते. दगड वजनदार येतो, माडाच्या झावळ्या उजळतात. आभाळाला हिरव्याचा थोडाच उपयोग होतो, पण विहिरीच्या फोटोत आभाळ असतंच कितीसं.

मला एक शंका बरेच दिवस होती. वाइडच्या कोपऱ्यातला किरण फिल्टरमधून तिरका जातो, म्हणजे जास्त काच पार करतो. मग कोपऱ्यात रंग जास्त गडद लागत असेल का? हिशोब करून पाहिला. २४ मिमीच्या टोकाचा किरण काचेवर ४२ अंशांनी येतो, काचेत शिरल्यावर वळून साधारण २६ अंशांचा होतो, आणि वाट सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. एवढ्याने प्रिंटवर काही दिसत नाही. वाइड लेन्सचे कोपरे मुळातच मंद असतात, त्यापुढे हा फरक किरकोळ. मात्र गडद केलेल्या आभाळात लेन्सचा तो मूळचा मंदपणा जास्त उठून दिसतो. त्यासाठी प्रिंट करताना वरचे दोन कोपरे मी थोडे झाकून धरते.

पोलरायझरने मला सगळ्यात जास्त शिकवलं. एफएमचा आरसा साधा आहे आणि मीटरचे सेल वर, डोळा लावायच्या खिडकीच्या बाजूला. त्यामुळे जुना लिनिअर पोलरायझरही मीटरला चुकवत नाही. प्रश्न आभाळाचा आहे. आभाळातला प्रकाश सगळीकडे सारखा पोलराइज झालेला नसतो. सूर्यापासून ९० अंशांवर तो सर्वाधिक, आणि सूर्याजवळ व सूर्याच्या बरोबर विरुद्ध जवळजवळ शून्य. २४ मिमीची आडवी फ्रेम ७४ अंश आभाळ घेते. म्हणजे एकाच फोटोत पूर्ण परिणाम आणि जेमतेम परिणाम शेजारी शेजारी येतात. आभाळात एक गडद पट्टा तिरका उभा राहतो, दोन्ही बाजूंना फिकट होत जातो, आणि बघणाऱ्याचं लक्ष डोंगराऐवजी तिथेच जातं. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी तिथे उभं राहिलं तर सूर्य पाठीशी, म्हणजे समोरच्या आभाळावर पोलरायझर काहीच करत नाही. उत्तरेला किंवा दक्षिणेला वळलं की पट्टा हजर.

तरी पोलरायझर मी वाइडसाठी पूर्ण सोडला नाही. सूर्य डोक्यावर असेल तर त्यापासून ९० अंशांवरचं वर्तुळ म्हणजे क्षितिजच. मग आडव्या दिशेने परिणाम एकसारखा मिळतो, कुठेही वळलं तरी. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो याचा इथे फायदा आहे. पुण्यात मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात वळवाची सर पडून हवा निवळली की भर दुपारी मी २४ मिमीवर पोलरायझर लावते. क्षितिजालगतचं फिकट आभाळ तो दाबतो आणि ते वरच्या गडद आभाळाशी जुळून येतं. फोटोग्राफीची पुस्तकं दुपारचं ऊन टाळायला सांगतात. कातळाच्या सपाट पठारावर, उभ्या सावल्या नसतात तिथे, मला ती वेळ हवीशी वाटते.

पाण्यावरही हेच दिसतं. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर कृष्णेचं पाणी उथळ आणि नितळ असताना पायऱ्या पाण्याखाली उतरत जातात. त्या पोलरायझरने दिसतील म्हणून मी गेले. पाण्यावरची चकाकी सगळ्यात जास्त पुसली जाते ती पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या नजरेने बघताना. वाइड फ्रेममध्ये पायाजवळचं पाणी त्याहून उभ्या कोनात दिसतं आणि पलीकडच्या काठाचं अगदी सपाट. मधल्या पट्ट्यात पायऱ्या स्वच्छ आल्या, अलीकडे-पलीकडे आभाळाचं प्रतिबिंब राहिलं. आभाळातला पट्टा मला खुपतो, पाण्यातला मात्र मला सुंदर वाटला. बुडालेल्या पायऱ्या प्रतिबिंबातून वर येऊन पुन्हा प्रतिबिंबात शिरतात असा तो फोटो आहे, आणि मी तो मोठा प्रिंट केला आहे.

रात्री फिल्टर लावायचाच नाही, हा माझा एकमेव सक्त नियम. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात. लेन्सपुढे सपाट काच असली की लेन्सच्या आतून परतलेला प्रकाश तिच्यावर आपटून पुन्हा आत येतो, आणि प्रत्येक पणतीची एक फिकट, उलटी प्रत फ्रेमच्या मध्यबिंदूच्या पलीकडे उमटते. काळ्या आभाळात ती ठळक दिसते. कोटिंग असलं तर कमी, नसलं तर भरपूर. धबधब्याजवळ उलट परिस्थिती: तिथे काच संरक्षणाला हवी, पण वाइड लेन्सला काचेवरचा थेंबही एफ/१६ला डाग म्हणून दिसतो. तिथे मी एफ/५.६च्या पुढे जात नाही आणि प्रत्येक फोटोआधी काच पुसते.

या दोन्हींपेक्षाही रुंद लेन्स घ्यावी असं अलीकडे मनात येतं, आणि तिथे फिल्टरची गोष्टच बदलते. फुगीर भिंगापुढे आटे ठेवायला जागाच नसते. निकॉनच्या १६ मिमी एफ/३.५ फिशआयमध्ये फिल्टर लेन्सच्या आतच फिरत्या चकतीवर बसवलेले आहेत. रशियन झेनिटार १६ मिमीला ते मागच्या बाजूला लावतात. मागच्या फिल्टरबद्दल एक गोष्ट अशी लेन्स घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी: लेन्सच्या मागे काच आली की फोकस काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतो. दीड मिलिमीटरची काच असेल तर अर्धा मिलिमीटर, आणि एवढ्या रुंद लेन्सला अर्धा मिलिमीटर फार मोठा. म्हणून अशा लेन्सच्या हिशोबात ती काच आधीच धरलेली असते, आणि रंगीत फिल्टर नको असेल तेव्हाही तिथे साधी पारदर्शक काच लावून ठेवावी लागते. जुनी लेन्स विकत घेताना ती छोटी काच डबीत आहे ना, हे आधी विचारायचं. माझ्या एका मित्राच्या झेनिटारसोबत ती आहे. या दिवाळीनंतर ती लेन्स आणि तिचा नारिंगी फिल्टर त्याच्याकडून उसना घेऊन मी घाटमाथ्यावर जाणार आहे.